तळं क्रमांक चार

शनिवार, २ नोव्हेंबर

लेकीनं माझ्या निवृत्तीच्या दिवशी रंगांची पेटी हातात ठेवली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, घ्या, आता ही मला बालवाडीत बसवतेय. पेटी पाच महिने कपाटात इस्त्रीच्या कपड्यांवर आरामात बसून होती. आज शेवटी तिला काखोटीला मारलं आणि वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गेले. जलरंगाचा वर्ग, दर शनिवारी चार ते सहा. आम्ही चौदा जण. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीपेक्षा लहान आहेत, पण आवाज असा की चौदाही जणांनी एकदम पाठ ताठ केली.

पहिला धडा वॉशचा. अख्खा कागद एकाच रंगानं वरून खाली भरायचा, मध्ये कुठे पट्टा दिसता कामा नये. मला वाटलं, हा तर हातचा मळ. एकतीस वर्षं लॅबमध्ये काचपट्टीवर रक्ताचे थेंब पसरवलेत मी. पण रक्त सांगितलेलं ऐकतं, पाणी ऐकत नाही. माझ्या आकाशाला असे पट्टे पडले की पायजम्याचं कापड दिसायला लागलं. शेजारी दातांचे डॉक्टर बसतात. त्यांचं आकाश गुळगुळीत. माझ्याकडे वाकून म्हणाले, "तुम्ही फार घासता." दातांच्या डॉक्टरनं हे मला सांगावं!

शेवटी बाईंनी सांगितलं की फेब्रुवारीत वाचनालयाच्या खालच्या दालनात वर्गाचं प्रदर्शन भरतं. चौदांपैकी आठ जणांचं एकेक चित्र लागतं, निवड बाहेरचे परीक्षक करतात. ऐकलं आणि तिथंच माझं मन अडकलं. घरी कुणाला सांगणार नाही, पण वहीपासून काय लपवायचं? मला त्या भिंतीवर जायचंय.

रविवार, १० नोव्हेंबर

बाईंचा हुकूम आहे की फोटोवरून काढायचं नाही, बाहेर जा, बघा आणि काढा. आम्हाला तळं जवळ, गाडीनं वीस मिनिटं. घडीचं स्टूल, फळी, कागद, पाण्याच्या दोन बरण्या, छत्री, चहाचा थर्मास असं सामान निघालं, जणू मुक्कामालाच चाललोय. हमाल म्हणून ह्यांना नेलं. पाणीपुरवठ्यात छत्तीस वर्षं फिटर होते, ओझं उचलायची सवय आहे. आणि निवृत्तीला तीन वर्षं झाली तरी घरातले नळ खोलून पुन्हा बसवण्यापलीकडे ह्यांना दुसरा उद्योग नाही.

मी चित्राला बसले आणि ह्यांचं धावतं वर्णन सुरू झालं. "ते बघ, तिथं पाणी वेगळं हलतंय. खाली झरा असणार." "आता वारा फिरेल बघ." मी म्हटलं, "अहो, मी चित्र काढतेय, पाइपलाइन टाकत नाहीये." मग गप्प बसले. दोन तास नुसते पाण्याकडे बघत बसले. ह्या माणसाचा वेळ कसा जातो कोण जाणे.

माझं चित्र बरं झालं. तळं निळं, झाडं हिरवी, सगळं जिथल्या तिथं. झाडं जरा फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी दिसतात, पण ओळखू येतात.

रविवार, १७ नोव्हेंबर

काल 'ओल्यावर ओलं' शिकलो. कागद आधी पाण्यानं भिजवायचा आणि ओला असतानाच रंग सोडायचा. रंग आपला आपण पसरतो, त्याच्या कडा विरतात, ढग होतात, लांबचे डोंगर होतात. बाईंचे झाले. आज तळ्यावर माझे काही झाले नाहीत. रंग भलतीकडेच पळतो आणि मी ब्रश घेऊन त्याच्या मागे. इकडून अडवला की तिकडून फुटतो. तीन कागद बाद.

हे कंटाळून तळ्यात दगड मारत बसले होते. होते नव्हते ते सगळे बगळे उडाले. शेवटी मी बाद झालेला एक कागद उलटा केला आणि जुन्या रुंद ब्रशासकट ह्यांच्या हातात दिला, लहान मुलांना गप्प बसवायला देतात तसा. आमचा कागद जाड असतो, त्याच्या दोन्ही बाजू चालतात. "माझ्या पेटीला हात लावायचा नाही," एवढं बजावलं. "नको, मला हे पुरे," म्हणून ह्यांनी माझी ब्रश धुवायची बरणी ओढून घेतली. आता त्या गढूळ पाण्यानं माणूस काय रंगवणार? पण तासभर शांतता मिळाली. उपाय नामी आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आज बाईंनी सगळ्यांदेखत माझं चित्र उचललं. मी मान ताठ केली. बाई म्हणाल्या, "काकू, हात छान आहे तुमचा. पण तुम्ही पाण्याला काही करूच देत नाही. सगळं स्वतः करता."

"मग कोण करणार?"

"पाणी. तुम्ही थोडं थांबा, बघा ते काय करतंय."

दातांचे डॉक्टर खाली मान घालून हसले. घरी आल्यावर सगळा राग ह्यांच्यावर काढला. हे नळाचा वॉशर बसवत होते. म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आमच्या साहेबांना मी जन्मभर हेच सांगत होतो. व्हॉल्व्ह एकदम सोडला की लाइन फुटते." म्हणजे हे त्यांच्या बाजूचे! मी दोन तास बोलले नाही. तिसऱ्या तासाला भाजीत मीठ किती ते विचारावं लागलं.

रविवार, १ डिसेंबर

तळ्यावर कडक थंडी. मी आज पाणकणसांवर हात बसवला. काठाला उभी असतात ना ती, तपकिरी दांडुक्यांसारखी कणसं आणि लांब पात्यांची पानं. ओल्याबिल्याचा नाद सोडला. कोरड्या कागदावर, बारीक ब्रशनं, एकेक पान शिरेसकट. हे माझं काम आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मी जन्मभर हेच केलं, नीट बघितलं आणि जे आहे तेवढंच मांडलं.

ह्यांचा आता नेमच झालाय. उलटे कागद, गढूळ पाणी, रुंद ब्रश. एखादा पट्टा ओढतात आणि मग हातावर हात ठेवून बसतात. मी म्हटलं, "झोपलात का?" म्हणाले, "वाळायची वाट बघतोय." आजचं घरी आणून गॅलरीत वाळत टाकलं होतं. चित्र कसलं, फरशी पुसल्यावर राहतं तसलं काहीतरी करडं, वर एक फिका पट्टा. जाता येता दोनदा नजर गेली आणि का कोण जाणे, अंगावर गारठा आला. उठून शाल घेतली. खिडकी उघडी असणार.

रविवार, ८ डिसेंबर

अरेरे! पाणकणसांचं मोठं चित्र, तीन आठवड्यांतलं सगळ्यात देखणं. शेवटचं पान काढताना ब्रशाच्या टोकावरून थेंब पडला तो नेमका मधल्या कणसावर. टिपकागदानं टिपला, पण फिका गोल राहिला तो राहिलाच. बाद. ह्यांच्या उलट्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकलं. हे म्हणाले, "अगं, छान आहे की." ह्यांना काय कळतंय त्यातलं? म्हणे थेंब दिसतच नाही.

रविवार, १५ डिसेंबर

आज इतकं धुकं की तळंच दिसेना. मी वैतागले. दिसतच नाही तर काढायचं काय? पण आलोय तर बसू म्हणून नाकासमोरचं एक झुडूप धरलं आणि तीन तास त्याच्या काड्या मोजल्या. पाठीचा पार खुळखुळा झाला.

हे आज जवळ बसले नाहीत. कागद, ब्रश, बरणी घेऊन मागं जरा अंतरावर बांधावर जाऊन बसले. म्हटलं बरंय, निदान धुक्याचं भाषण नको ऐकायला. पेटीतला एक तपकिरी रंग तेवढा मागून नेला. "एकच ठिपका घेतो," म्हणाले. परत आले ते नाक लाल करून, पण खुशीत. मी विचारलं, "झालं का फरशी पुसून?" हसले आणि कागद गठ्ठ्यात सरकवला.

रविवार, ५ जानेवारी

कंबर धरलीय. चित्र नाही. लेकीचा फोन आला, "आई, तू खूश वाटतेस हल्ली." कंबर धरलेल्या बाईला असं म्हणतात का?

शनिवार, ११ जानेवारी

आज निवडीसाठी चित्रं द्यायची होती. प्रत्येकानं पाच. चित्रावर नाव नको, म्हणजे परीक्षकांचा कल कुणाकडे झुकत नाही. नुसती क्रमांकाची चिठ्ठी क्लिपनं अडकवायची, नावांची यादी बाईंकडे. मी माझ्या पाचही चित्रांचं नाव 'तळं'च ठेवलं, एक ते पाच.

सकाळी मोजली तर चारच चांगली निघाली. मग ह्यांचा गठ्ठा उपसला आणि त्यातून थेंबवालं पाणकणीस काढलं. महिन्याभरानं बघितलं तर थेंब खरंच एवढा दिसत नाही. त्याला क्रमांक चार दिला, म्हणजे मध्येच दडून जाईल. मागच्या बाजूला ह्यांनी काहीतरी पाणी सांडून ठेवलंय. असू दे, मागची बाजू कोण बघतंय?

शनिवार, २५ जानेवारी

लागली!! यादीत पाचवं नाव माझं! समोर 'तळं, क्र. ४'. मी तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. जीव भांड्यात पडला. दातांच्या डॉक्टरांचा सूर्यास्तही लागलाय, त्यामुळे त्यांच्याशी मोठ्या मनानं बोलले.

बाईंनी हात हातात घेतला. "काकू, परीक्षक म्हणाले, ह्या चित्रासमोर ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. मला कधी वाटलं नव्हतं तुम्ही इतकं मोकळं काम कराल!" मोकळं? पाणकणसांची एकोणसाठ पानं मोजून काढलीत मी. पण कलेतल्या लोकांची भाषा वेगळी असते. शिवाय तो थेंब. त्यालाच मोकळं म्हणत असतील. बघा, ज्याला मी रडले तेच कामाला आलं. चित्रं सरळ फ्रेमवाल्याकडे गेलीत, आता भिंतीवरच दिसतील.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे एकदम खुर्चीतून उठले. "कुठलं लागलं?"

"चार नंबर. पाणकणीस. थेंबवालं."

"ते ना माझ्या गठ्ठ्यातलं?"

"तुमच्या कुठलं? माझंच ते. मी टाकलं होतं, मी काढलं."

"हो, हो," म्हणाले. मग बराच वेळ पकड हातात घेऊन नळासमोर उभे होते. नळ गळत नव्हता.

रविवार, २ फेब्रुवारी

काय लिहू?

प्रदर्शन सकाळी उघडलं. मी ठेवणीतली साडी नेसले होते, लेक मुद्दाम प्रवास करून आली होती, हे इस्त्रीच्या शर्टात. दालनात शिरलो. डावीकडून पाचवी फ्रेम. खाली पाटी, पाटीवर माझं पूर्ण नाव.

फ्रेममध्ये पाणकणीस नव्हतंच. धुकं होतं. अख्खा कागद करडा, वर उजेड येतोय की जातोय कळत नाही असा, खाली पाणी आहे असं नुसतं वाटतं. आणि त्या सगळ्यात डावीकडे खाली एक लहानसा तपकिरी ठिपका. बास. फ्रेमवाल्यानं, नव्हे, आधी परीक्षकांनीच कागद उलटा धरला होता. ती मागची बाजू होती. ह्यांची.

मी भिंतीवर ती बघितली आणि सगळ्यात वाईट काय झालं सांगू? पहिल्याच क्षणी मला कळलं की आठांतलं सगळ्यात चांगलं चित्र हेच आहे. इतके दिवस असलीच चित्रं माझ्या गॅलरीत वाळत पडायची आणि मला फरशी दिसायची.

मी तोंड उघडणार तोच लेकीनं मिठी मारली. "आई, हे तू काढलंस? अगं, मला रडू येतंय." मग बाई आल्या, मग डॉक्टर, मग अनोळखी माणसं. मी हसत होते. हो म्हटलं नाही मी. नाहीही म्हटलं नाही. हे फ्रेमसमोर दोन मिनिटं उभे राहिले, हात मागे बांधून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फ्रेम छान बसलीय." ह्यांनी ओळखलं नसणार. स्वतःच्या चित्रांकडे कधी दुसऱ्यांदा बघत नाहीत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

उद्या सांगते. लेक आज दुपारी जाईपर्यंत तरी नको.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पुन्हा जाऊन आले. खोटं बोलायला सुरुवातीला जड जातं, मग जीभ आपोआप चालते. एका बाईंनी विचारलं, तो तपकिरी ठिपका काय आहे? मी म्हटलं, दगड. दुसऱ्यांनी विचारलं तेव्हा झाडाचं खोड. डॉक्टरांनी स्वतःच बगळा ठरवला. मी म्हटलं, "बरोबर ओळखलंत." डॉक्टर हल्ली माझ्याशी अदबीनं बोलतात. "ही कड अशी कशी विरघळवलीत?" मी म्हटलं, "अनुभव." ऐकून माझं मलाच कानकोंडं झालं.

आणि आता अंगाशी आलंय. बाई म्हणाल्या, "काकू, रविवारी समारोप. तुम्ही सगळ्यांसमोर हे धुकं करून दाखवायचं. ओल्यावर ओलं." माझी बोबडी वळली आणि त्यांना ती विनयानं वळली असं वाटलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दिवसभरात अकरा कागद. धुक्याऐवजी सांडलेला चहा. संध्याकाळी ह्यांना सहज म्हणून विचारलं, "अहो, तुम्ही ते करडं करडं करता ते कसं करता?"

"काही नाही. कागद भिजवतो. चमक गेली पण ओल आहे असं झालं की रंग सोडतो. मग थांबतो."

"किती वेळ?"

"थांबावं लागतं तेवढा."

हे काय उत्तर झालं? पण हे चेष्टा करत नव्हते. ह्यांना खरंच कळतं कधी ते. मला नाही कळत. मला हेवा वाटला. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला ह्या माणसाचा हेवा वाटला आणि तो गिळताही येईना.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सांगून टाकलं. दुपारचा चहा झाल्यावर.

"अहो, ते प्रदर्शनातलं चित्र तुमचं आहे."

"माहितेय."

मी कप खाली ठेवला. "कधीपासून?"

"दारातून आत आलो तेव्हापासून. माझं मला ओळखू येणार नाही का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू पांढरीफटक पडली होतीस. म्हटलं आधी सावरू दे. तेवढ्यात लोक आले, लेक आली, तू हसायला लागलीस. महिनाभर त्या यादीसाठी तुझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी काय, नुसतं पाणीच तर सांडलं होतं. राहू दे की तुझ्या नावावर."

मी ओरडलेच. ओरडायचं ह्यांच्यावर काही कारण नव्हतं, पण समोर हेच होते. म्हटलं, एकतीस वर्षं लॅबमध्ये पेशी मी मोजल्या आणि खाली सही साहेबांची. एकदा एक अवघड आजार मी पकडला, माझ्या डोळ्यांनी, आणि अभिनंदनाचं पत्र साहेबांना आलं. मी गप्प बसले, पण विसरले नाही. आणि आता आठवडाभर मी तुमची साहेब होऊन बसलेय! हे म्हणाले, "मला काही वाटलं नाही गं." मी म्हटलं, "मला वाटतं ना!" आणि रडले. ह्यांनी माझी कपबशी विसळून ठेवली. ह्यांना अशा वेळी काय करावं कळत नाही, म्हणून हे नळ सोडतात.

उद्या सगळ्यांसमोर सांगायचं ठरलं. हे म्हणतात, बाईंना हळूच सांग. पण मी दगड, खोड आणि बगळा चारचौघांत सांगितलाय, तर हेही चारचौघांतच.

रविवार, ९ फेब्रुवारी

दालन भरलं होतं. टेबलावर कागद, पाणी, रंग मांडून ठेवलेले. बाईंनी माझं कौतुक सुरू केलं आणि हरभऱ्याच्या झाडावर पार शेंड्याला पोचवलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हे चित्र मी काढलेलं नाही. माझं मागच्या बाजूला आहे, भिंतीकडे तोंड करून. हे ह्यांनी काढलंय. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

डॉक्टरांनी आ वासला. त्यांचं स्वतःचं तोंड आतून बघायची संधी मला पहिल्यांदाच मिळाली. सगळे दात ठीक आहेत.

बाईंनी आधी पाटी वाचली. मग म्हणाल्या, "काकू, नियम नियम आहे. काका आपले विद्यार्थी नाहीत. हे चित्र उतरवावं लागेल." मी मान हलवली. बाईंनी खिशातून पेन काढलं, पाटीवरचं माझं नाव एका रेघेनं खोडलं. बघताना छातीत दुखलं. नाही म्हणण्यात अर्थ नाही, दुखलं. मग त्या म्हणाल्या, "पण दालन सहाला बंद होतं. उतरवायला मला सहानंतरच वेळ आहे." आणि खोडलेल्या नावाखाली ह्यांचं नाव लिहिलं.

लोकांना धुकं हवंच होतं. ह्यांना ओढून टेबलाशी उभं केलं. हे लाजून लाल. कागद भिजवला, तिरपा धरून उजेडात बघितला, परत ठेवला. मग हात मागे बांधून उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. डॉक्टर म्हणाले, "आता काय करायचं?"

"आता काही नाही. त्याचं चाललंय."

कुणीतरी हसलं, पण हे हलले नाहीत. मग एकदम वाकून तीन पट्टे ओढले आणि सगळ्या लोकांच्या डोळ्यांसमोर त्या कागदावर पहाट व्हायला लागली. मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं. तळ्यावर मी ह्यांच्याकडे पाठ करून बसायचे.

टाळ्या झाल्या. डॉक्टर काही प्रश्न सोडणाऱ्यांतले नाहीत. भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून म्हणाले, "तेवढं एक सांगा. तो तपकिरी ठिपका बगळाच ना?"

ह्यांनी फ्रेमकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही हो. ती ही."

"ही म्हणजे?"

"ही, आमची. स्टुलावर बसली होती, झुडूप काढत. तीन तास उठली नाही. मी मागं बांधावर होतो. धुकं सारखं हलत होतं, पाणी हलत होतं, माझ्या हाताला काही लागेना. ही तेवढी जागची हलत नव्हती. मग हिच्या अंदाजानं बाकीचं लावलं." कपाळ खाजवत म्हणाले, "बाकी सगळं ओल्यात टाकलंय. हिला मात्र कागद पूर्ण वाळल्यावर काढलं. ओल्यात टाकली असती तर पसरून गेली असती."

बाई चित्राजवळ गेल्या आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. मीही गेले. खरंच, अख्ख्या चित्रात तेवढ्याच एका ठिपक्याला धारदार कड आहे. नीट बघितलं तर डोकं आहे, खांदे आहेत, पुढं झुकलेली पाठ आहे. आठवडाभर मी त्याला दगड म्हणत होते, खोड म्हणत होते.

मला सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून म्हटलं, "माझी पाठ एवढी वाकलेली आहे?"

"आहे," हे म्हणाले. "कागदाला नाक लावून बसतेस तू."

सहाला बाईंनी चित्र उतरवून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते माझ्याकडे दिलं, आणि गाडीत मी ते घरापर्यंत मांडीवर धरून आले.